शिट्टी नसलेला कुकर आणि साताऱ्यातली आई: रोजचं जेवण कसं बसवायचं?

माहुलीकाठ:
नमस्कार मंडळी, मदत हवीये. जरा लांबड लागेल, समजून घ्या. मी सांगलीत विश्रामबागला असते, आई साताऱ्यात शाहूपुरीला, बाबा गेल्यापासून एकटीच, वय ७२. तब्येत ठणठणीत आहे, रोज सकाळी चालायला जाते, स्वयंपाक स्वतःचा स्वतः करते, फक्त दोन वर्षांपासून कानाला कमी यायला लागलंय. गेल्या महिन्यात तिनं गॅसवर डाळीचा कुकर लावला आणि मागं कपडे वाळत घालायला गेली, शिट्ट्या ऐकूच आल्या नाहीत, पाणी आटलं, सेफ्टी व्हॉल्व्ह वितळून उडाला आणि डाळ पार छतापर्यंत. शेजारच्या काकूंना करपल्याचा वास आला म्हणून त्या धावत आल्या, नाहीतर पुढचं मला लिहवतही नाही. छतावरचा तो पिवळा डाग मी स्टुलावर चढून पुसलाय, अर्धा निघाला, अर्धा अजून तसाच आहे.

म्हणून दादानं तिला इलेक्ट्रिक प्रेशर कुकर घेऊन दिला, ६ लिटरचा, १००० वॅटचा. पंधरा दिवस झाले, तो ओट्यावर टॉवेलखाली झाकून ठेवलाय. आई एकच विचारते, "शिट्टीच नाही तर शिजलं कळायचं कसं?" मी एकदा वरणभात लावून दाखवला तर भाताचा गिचका आणि डाळ मात्र अख्खीच्या अख्खी, तेव्हापासून तिचं मनच उडालं. तिचं रोजचं जेवण म्हणजे वरणभात, घेवड्याची आमटी, मटकीची उसळ, कधी खिचडी, कधी कण्या. भाकरी ती तव्यावर करते त्याचा प्रश्न नाही. केक, पास्ता, बटर चिकन मला काही नको. रोजचं कसं बसवायचं ते सांगा आणि ७२ वर्षांच्या बाईला ते कसं समजवायचं तेही.

हळदबाजार:
ताई, आधी तुमच्या आईंना नमस्कार सांगा, आणि डाग राहू दे, माणूस सुखरूप आहे हे महत्त्वाचं.

माझ्याकडं साडेतीन वर्षं झाली हा कुकर आहे, दोन शाळेचे डबे, ह्यांचा एक डबा आणि सासूबाईंचं पथ्य सगळं त्यातनंच निघतं. गिचका भात आणि कच्ची डाळ पहिल्या आठवड्यात सगळ्यांकडंच होते कारण आपण त्यात गॅसच्या कुकरचं पाणी घालतो आणि गॅसच्याच कुकरची वेळ लावतो. गॅसवर दर शिट्टीला वाफ बाहेर जाते म्हणजे पाणीच बाहेर जातं, इथं झाकण एकदा बसलं की वाफ जवळजवळ बाहेर पडतच नाही, त्यामुळं पाणी कमी लागतं. नुसता भात लावायचा असेल तर कोलमला एक वाटीला सव्वा वाटी पाणी, ५ मिनिटं, आणि मग १० मिनिटं हात लावायचा नाही, वाफ जिरू द्यायची. इंद्रायणी किंवा आंबेमोहोर असेल आणि आईंना आसट आवडत असेल तर पावणेदोन वाटी.

वरणभात एकत्र लावायचा तर डाळ खाली थेट भांड्यात, एक वाटी तूरडाळ अर्धा तास भिजवून, तीन वाट्या पाणी, हळद, हिंग आणि चमचाभर तेल. तेल विसरायचं नाही, त्यानं फेस कमी येतो. त्यावर उंच पायाची जाळी आणि जाळीवर स्टीलच्या डब्यात तांदूळ, ह्याला मात्र पाणी दीडपट ते पावणेदोनपट कारण डब्यातला भात बाहेरच्या वाफेवर शिजतो. १० मिनिटं लावा. डाळ रवीनं घोटली की मऊसूत होते, भाताची शितं मोकळी राहतात. आपल्याकडं कुकरच्या डब्यांची सवय पिढ्यान्‌पिढ्या आहे, आईंना हे नवीन वाटणार नाही बघा.

मुख्य म्हणजे घड्याळावर जे १० मिनिटं दिसतात ते प्रेशर आल्यानंतरचे. आधी प्रेशर यायलाच १०-१२ मिनिटं जातात आणि शेवटी वाफ जिरायला १०-१५. आईंना "दहा मिनिटांत होतं" असं सांगू नका, अर्धा-पाऊण तास धरा. नाहीतर त्या दहा मिनिटांनी झाकणाशी झटापट करतील.

माहुलीकाठ:
ताई, हेच झालं! मी "दहा मिनिटं" म्हटलं आणि ती दहाव्या मिनिटाला येऊन उभी राहिली, मग मी घाईघाईनं वाफ सोडली. आता कळलं डाळ का राहिली.

चुलीवरचं:
माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. ७२ वर्षांच्या बाईच्या हाताला जी सवय आहे ती मोडून तिला बटणं शिकवायची, त्यापेक्षा २ लिटरचा छोटा कुकर द्या आणि गॅसला वेळ लावून आपोआप बंद होणारं बटण मिळतं ते बसवा. आमच्याकडं पाटणला वीज कधी जाईल सांगता येत नाही. अर्धी शिजलेली डाळ घेऊन बसायचं का? आणि आमच्या आईचा अख्खा दिवस कुकरच्या शिट्टीवर चालायचा. दुसरी शिट्टी झाली की कणीक मळायला घ्यायची, चौथीला भाजी फोडणीला. ती शिट्टी गेली तर बाईच्या हाताचा ठेकाच जातो, हे मी मनापासून सांगतोय.

कुपवाड_वायरमन:
दादा तुमचं म्हणणं पटतं, ठेक्याचं तर पूर्णच पटतं. पण ताईंच्या आईला ती शिट्टी ऐकूच येत नाही हे मूळ दुखणं आहे, तिथं ठेका आधीच गेलाय.

आता शिट्टीचं जरा सविस्तर सांगतो कारण हे एकदा डोक्यात बसलं की निम्मा गोंधळ मिटतो. शिट्टी म्हणजे शिजल्याचं माप नाही. कुकरमधली वाफ ठरलेल्या दाबाच्या वर गेली की वजन उचललं जातं आणि जादा वाफ बाहेर पडते, एवढंच. आच मोठी असेल तर चार मिनिटांत चार शिट्ट्या, बारीक असेल तर त्याच चार शिट्ट्यांना पंधरा मिनिटं, आणि डाळ शिजते ती त्या मिनिटांवर, शिट्ट्यांवर नाही. आपल्या आया शिट्ट्या मोजत होत्या पण आच कायम एकसारखी ठेवायच्या म्हणून हिशोब जुळायचा. इलेक्ट्रिकमध्ये दाब आला की मशीन स्वतःच करंट तोडतं, दाब उतरला की परत जोडतं, जादा वाफ तयारच होत नाही म्हणून शिट्टी नाही.

दुसरं, गॅसच्या कुकरचा दाब साधारण १५ पीएसआय (दाब मोजायचं एकक), आतलं तापमान १२१ अंशापर्यंत जातं. इलेक्ट्रिक बहुतेक १० ते १२ पीएसआयला चालतात, म्हणजे ११५ ते ११७ अंश. दिसायला चार ते सहा अंशांचाच फरक, पण त्यानं कडधान्याला पाच-सात मिनिटं जास्त लागतात. हे बिघाडाचं लक्षण नाही, तसंच बनवलेलं असतं.

वीज गेली तर घाबरायचं कारण नाही. झाकण बंदच राहतं, आतली गरमी बराच वेळ टिकते, डाळ त्या गरमीवर शिजत राहते. वीज आली की किती शिजलंय बघून उरलेली मिनिटं परत लावायची. आणि एकदा १५ मिनिटं प्रेशरवर गेलेली डाळ वीज गेल्यावरही वाया जात नाही.

वायरिंग मात्र बघा. १००० वॅट म्हणजे २३० व्होल्टला सव्वाचार ॲम्पियरच्या आसपास करंट. जुन्या घरातल्या साध्या सॉकेटवर चालतं, पण सॉकेट सैल असेल तर ते तापतं, पिन काळी पडते. १६ ॲम्पियरचा पॉइंट काढून घ्या, अर्थिंग तपासून घ्या, एक्स्टेन्शन बोर्डवर कधीच नको आणि त्याच बोर्डवर मिक्सर, हीटर तर अजिबात नको.

अजून एक, कुणी अमेरिकेहून असा कुकर आणत असेल तर थांबवा. तिकडचा १२० व्होल्टचा असतो. माझ्या ओळखीत मिरजेत एकांनी मुलानं आणलेला थेट आपल्या प्लगला लावला, फाटकन आवाज झाला आणि आतला बोर्ड जळाला. व्होल्टेज जवळजवळ दुप्पट झालं की कॉइलवरची ताकद जवळजवळ चौपट होते, टिकणार कसं? चालवायचाच तर दीड-दोन हजार वॅटचा ट्रान्सफॉर्मर लागतो, तो वजनाला चार कुकरांएवढा. त्यापेक्षा इथलाच घ्या.

माहुलीकाठ:
दादा, दंडवत. दादाला आत्ताच फोन करून सांगितलं, शनिवारी वायरमन येतोय. आपला २३० व्होल्टचाच आहे, खाली स्टिकर बघितला.

वसनाकाठ:
घेवड्याचा विषय निघाला म्हणून आलो. मी कोरेगाव तालुक्यातला, घरचा घेवडा. आमच्या वाघ्या घेवड्याला जीआय मानांकन मिळालंय, वाघाच्या अंगासारखे पट्टे असतात म्हणून वाघ्या. बाजारात कुठलाही चित्रविचित्र राजमा वाघ्या म्हणून खपवतात, ओळखीच्या माणसाकडनंच घ्या.

इलेक्ट्रिक कुकरमध्ये ह्याला रात्रभर भिजवणं सोडायचं नाही. आठ तास. भिजवताना पाण्यात चमचाभर मीठ टाका, हे आमच्याकडं आजीच करायची, आम्ही म्हणायचो मिठानं दडदडीत होईल, पण उलट होतं, साल मऊ पडतं. सकाळी ते पाणी फेकून द्यायचं, धुवून घ्यायचा, दाण्याच्या दोन बोटं वर नवं पाणी, हळद, थोडं तेल. २० ते २५ मिनिटं, मग वाफ आपोआप जिरू द्यायची, पंधरा मिनिटं तरी. घाईनं वाफ सोडली तर दाणे फुटतात, साल एकीकडं आणि गर एकीकडं. चांगला शिजलेला घेवडा बोटात धरला की बोटचेपा व्हायला पाहिजे पण आकार मोडायला नको.

चिंच, टोमॅटो, आमसूल हे सगळं शिजल्यावर. आंबट घालून शिजवायला ठेवलं तर दाणा कडकच राहतो, तासभर ठेवा नाहीतर दोन तास. आमच्याकडं कांदा-लसूण मसाला, वाटलेलं खोबरं आणि गूळ-चिंच शेवटच्या उकळीला.

आता महत्त्वाचं, हे हसण्यावारी नेऊ नका. ह्या कुकरांवर "स्लो कुक" नावाचं बटण असतं, मंद आचेवर आठ तास शिजवायचं. त्याच्यावर घेवडा, राजमा कधीच ठेवायचा नाही. घेवडा हा राजम्याचाच प्रकार, आणि कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं, ते नीट खळाळून उकळल्याशिवाय मरत नाही, आणि कमी तापमानाला अर्धवट शिजलेला दाणा कच्च्यापेक्षाही वाईट. उलट्या, जुलाब, माणूस आडवा होतो. प्रेशरवर शिजवला तर काही भीती नाही. ताई, आईंच्या कुकरवर ते बटण असेल तर त्यावर चिकटपट्टी लावून टाका.

जतचं_पाणी:
वसनाकाठ दादा, मीठ टाकायचं बरोबर हाय, पण आमच्या बाजूला एक अडचण लय मोठी, पाणी. बोअरचं पाणी एवढं जड की केतलीला पांढरा थर बसतो. तसल्या पाण्यात हुलगं (कुळीथ), हरभरं, घेवडा काय बी टाका, दोन तास लावलं तरी कडक. मी कुकरच खराब म्हणून कंपनीच्या माणसाला बोलावलं होतं, त्यो आला, बघितलं, म्हणला कुकर ठीक हाय. मग एकदा पावसाचं साठवलेलं पाणी घालून बघितलं, त्याच हरभऱ्यावर, वीस मिनिटांत लोण्यासारखा झाला. तवा उमगलं.

पाण्यातला चुना दाण्याच्या सालीत जाऊन बसतो आणि साल घट्ट करतो. आता मी कडधान्याला आरओचं नायतर पिण्याचं पाणी वापरते, आणि नसलंच तर भिजवताना चिमूटभर खायचा सोडा. चिमूटभरच, चमचा नव्हं, जास्त झाला तर साबणासारखी चव येते आणि दाण्याचं पीठ होतं. आणि जुना दाणा. दोन वर्षांपूर्वीचा घेवडा डब्यात पडलेला असंल तर कुठल्याच कुकरला शिजायचा नाही, त्यो कोंबड्यांस्नी टाकावा.

हुलगं भिजवून ३० मिनिटं लावायचं, वरचं पाणी फेकायचं नाही, त्याचंच कळण करायचं. लसणाची फोडणी, आमसूल, कोथिंबीर. थंडीत ताईंच्या आईला द्या, अंगात ऊब येते.

टेबललँड:
मी पाचगणीला असते. इथं सगळंच उशिरा शिजतं म्हणून विचारते, हे सगळ्यांचे आकडे मला चालतील का? आमच्याकडं चहाचं पाणीही लवकर उकळतं पण बटाटे मात्र शिजता शिजत नाहीत.

कुपवाड_वायरमन:
ताई, उंचीचा परिणाम आहे. पाचगणी समुद्रसपाटीपासून साधारण १३०० मीटरवर, तिथं पाणी ९५-९६ अंशालाच उकळतं. म्हणूनच ते लवकर उकळतं आणि शिजवायला कमी पडतं. कुकर आतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबावर चढवतो, बाहेरचा कमी तर आतलाही थोडा कमी. २००० फुटांच्या वर दर १००० फुटांना ५ टक्के वेळ वाढवायचा असा साधा हिशोब आहे. तुम्हाला १० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे २५ मिनिटांचा घेवडा २८ मिनिटं. साताऱ्याला त्यानं फरक पडण्याइतका पडत नाही, सांगलीला तर नाहीच.

नाक्यावरचा_मसूर:
इस्लामपूरकर हजर (आता ईश्वरपूर म्हणा, जिभेवरचं जायला वेळ लागेल). आमच्याकडचा अख्खा मसूर इलेक्ट्रिकमध्ये एक नंबर होतो, पण एकदा मला "बर्न" म्हणून दिसायला लागलं आणि मशीन बंद पडलं, तीनदा. कारण कळलं ते सांगतो. मी त्याच भांड्यात कांदा, आलं-लसूण, टोमॅटो, मसाला दाट परतला आणि तसाच मसूर टाकून झाकण लावलं. तळाला चिकटलेला मसाला खाली लागतो, सेन्सरला जास्त गरमी कळते, तो थांबवतो. परतून झालं की अर्धी वाटी गरम पाणी ओतायचं आणि लाकडी उलथन्यानं तळ खरवडून पार मोकळा करायचा, हाताला खरखर लागायला नको. मग मसूर, मग पाणी, आणि टोमॅटो सगळ्यात वर, ढवळायचं नाही. न भिजवता १० मिनिटं, १० मिनिटं वाफ जिरवायची. शेवटी परत फोडणीचं बटण लावून पाच मिनिटं उकळून दाट करायचं आणि वरनं लसणाची फोडणी. तंदुरी रोटी मिळाली तर उत्तम, नाहीतर ज्वारीची भाकरी.

हळदबाजार:
ह्या मंडळींनी मोठमोठं सांगितलं, मी बारीक सारीक सांगते.

मोड आलेल्या मटकीला एक मिनिट, आणि लगेच वाफ सोडायची. दोन मिनिटं लावलीत की लगदा. बटाटे जाळीवर, खाली एक पेला पाणी, मध्यम आकाराचे १२ मिनिटं, पाण्यात बुडवले नाहीत म्हणून सालं पटकन सुटतात आणि भाजी पाणचट होत नाही. मुगाच्या डाळीची खिचडी, एक वाटी तांदूळ-डाळ मिळून साडेतीन वाट्या पाणी, ८ मिनिटं. पातळ हवी तर चार वाट्या. मटण आमच्याकडं २५ मिनिटं. कडधान्य आणि डाळ असेल तर भांडं अर्ध्याच्या वर भरायचं नाही, फेस वर येऊन वाफेची वाट बंद होते.

झाकणातली सिलिकॉनची रिंग वास धरून ठेवते. मटणाच्या दुसऱ्या दिवशी खीर केली तर खिरीला मटणाचा वास, मला वाटलं दूध नासलं. आता दोन रिंगा आहेत, एक गोडाची एक तिखटाची. रिंग दर वेळी काढून धुवायची आणि बसवताना बोटानं गोल फिरवून बघायचं, कुठं वर आली असेल तर वाफ बाजूनं जाते आणि प्रेशर येतच नाही, अर्धा तास नुसतं "चालू आहे" दिसत राहतं.

वाफ सोडायची जागा कपाटाखाली येऊ देऊ नका. माझ्या वरच्या प्लायवूडच्या कपाटाची कड फुगून उकललीये, रोज वाफ लागून. सोडताना हात बाजूला, उलथन्याच्या दांड्यानं ढकलायचं.

आणि एक गोष्ट जी कुणी सांगत नाही. आतलं स्टीलचं भांडं काढून धुवायला ठेवलेलं असतं आणि सवयीनं आपण धुतलेले तांदूळ तसेच कुकरात ओततो. माझ्या जाऊबाईंनी ओतले, दोन पेले पाण्यासकट, थेट कॉइलवर. प्लग लावलेला नव्हता हे नशीब. चार दिवस उलटा करून वाळवला, मग दुरुस्तीवाल्यानं उघडून साफ केला. तेव्हापासून आमचा नियम, भांडं धुवायला काढलं की झाकण उघडं ठेवून आत एक लाल रुमाल टाकायचा. रुमाल दिसला म्हणजे भांडं नाही.

माहुलीकाठ:
लाल रुमाल! हे मी आजच करणार.

आता कुणीतरी सांगा, आई एकटी असताना तिला झालं हे कळणार कसं? तो टूं टूं वाजतो, तो आवाज तर शिट्टीपेक्षा बारीक.

कुपवाड_वायरमन:
ताई, कळायची गरजच नाही, हाच तर फायदा आहे. वेळ संपली की तो शिजवणं थांबवतो आणि नुसता गरम ठेवतो. त्या विसरल्या, झोपल्या, देवळात गेल्या तरी करपत नाही, पाणी आटत नाही.

झाकणावर एक छोटी धातूची खुंटी आहे बघा. प्रेशर आलं की ती वर येते, वाफ जिरली की टप्पकन खाली बसते. वर असेल तोवर झाकण उघडतच नाही, जोर लावायचा नाही. खाली बसली की उघडायचं. आईंना शिट्टीच्या जागी ही खुंटी द्या. कानाचं काम डोळ्यावर द्यायचं, बाकी काही शिकवू नका.

चुलीवरचं:
हे मला माहीत नव्हतं. खुंटीचं पटलं. खाली-वर बघायला काय, दाराची कडी बघतो तसं बघायचं. माझी वहिनीही एकटी असते कोयनानगरला, तिच्यासाठी चौकशी करतो.

माहुलीकाठ:
धागा वर काढतेय. शनिवार-रविवार साताऱ्याला जाऊन आले, सगळ्यांना सविस्तर सांगते.

सकाळी वायरमननं १६ ॲम्पियरचा पॉइंट काढून दिला. मग मी पुतणीच्या टिकल्यांचं पाकीट घेतलं आणि प्रेशरच्या बटणावर लाल टिकली, बंदच्या बटणावर काळी, वेळेची सोडून बाकी सगळी बटणं पांढऱ्या चिकटपट्टीनं झाकून टाकली, स्लो कुकचं तर दुहेरी. आई बघत होती. म्हणाली, "एवढीच होय बटणं? मग एवढी कशाला दिलीत त्यांनी?"

रात्री घेवडा मीठ घालून भिजवला होता. सकाळी तिलाच करायला लावला, मी हात मागं बांधून उभी. पाणी तिनं मापानं नाही घातलं, बोटाच्या पेरानं घातलं, दोन पेरं. मी बोलले नाही. लाल टिकली दाबली, मी २५ लावून दिले. मग खुर्ची ओढून ती ओट्यासमोर बसली, चष्मा लावून, आणि त्या खुंटीकडं बघत राहिली. दहा-अकरा मिनिटं काहीच नाही. मग खुंटीच्या कडेनं जरा फुसफुस झाली, ती थरथरली आणि वर आली. आईनं मला हातानं खूण केली, आली म्हणून. जशी पाहुण्यांची गाडी दारात आली की करते तशी.

नंतर ती भाकऱ्या थापायला लागली, पण दर भाकरीला मान वळवून खुंटी बघायची. चार भाकऱ्या झाल्या आणि वेळ संपली. पाचवी तव्यावर टाकली, सहावी झाली, तिनं गॅस बंद केला, हात पुसले, आणि खुंटी खाली बसली. मला म्हणाली, "सहा भाकऱ्या."

चुलीवरचं दादा, तुम्ही ठेक्याचं लिहिलं होतंत ना, मला तेच आठवलं. आता तिचा हिशोब भाकऱ्यांवर बसलाय.

झाकण तिनंच उघडलं. एक दाणा काढला, फुंकर मारली, दोन बोटांत दाबला. काही बोलली नाही, दुसरा काढून माझ्या हातावर ठेवला. दाणा अख्खा, वाघासारखे पट्टे तेवढे फिके पडलेले, आणि दाबला तर आत लोणी. मग तिनं तिच्या पद्धतीनं खोबरं भाजून वाटलं, मसाला, चिंच, गूळ, शेवटी उकळी. मी तीन वाट्या आमटी प्यायले, नुसती.

नाक्यावरचा_मसूर:
वाचून डोळ्यात पाणी आलं हो ताई. सहा भाकऱ्या!

वसनाकाठ:
आईंना सांगा, पुढच्या हंगामातला ताजा घेवडा माझ्याकडनं. ताज्याला २० मिनिटंच लावा, म्हणजे पाच भाकऱ्या.

टेबललँड:
माझं पण सांगते, बटाटे १३ मिनिटं लावले, झाले. आणि दही! आमच्याकडं थंडीत दही लागतच नाही, लोकरीच्या शालीत गुंडाळून ठेवलं तरी नाही. ह्यातल्या दह्याच्या बटणावर आठ तास ठेवलं, चाळीस अंशाच्या आसपास राहतं, सकाळी कवडीसारखं घट्ट.

माहुलीकाठ:
आज सकाळी आईचा फोन. नेहमी मी करते, आज तिनं केला. ऐकू कमी येतं म्हणून ती फोन टाळते, पण आज मोठ्यानं बोलत होती. म्हणाली, सोमवारी वरणभात केला, मंगळवारी मटकी एक मिनिट, ती बरोबर झाली, बुधवारी कण्या केल्या त्या जरा पातळ झाल्या, पाणी कमी करेन. आणि काल शेजारच्या काकूंना बोलावून खुंटी दाखवली. त्याच काकू ज्या वास आल्यावर धावत आल्या होत्या.

आणि तिनं विचारायला सांगितलंय, म्हणून तिच्याच शब्दांत लिहिते: "त्या सांगलीच्या बाईंना विचार, पुरणाची डाळ ह्यात होईल का, आणि येळवणी निघंल का नीट? नाहीतर कटाची आमटी कशाची करायची?"

हळदबाजार:
होईल की काकू, चांगली होईल! हरभऱ्याची डाळ तासभर भिजवा, एक वाटीला चार वाट्या पाणी, हळद आणि चमचाभर तेल, मीठ नको, गूळ तर अजिबात नको. गूळ घालून प्रेशर लावलं तर डाळ शिजत नाही आणि तळाला लागतं. भांडं अर्ध्याच्या खाली राहू द्या. ११-१२ मिनिटं लावा आणि खुंटी आपली आपण खाली बसू द्या, ह्या डाळीला फेस फार, घाईनं वाफ सोडली तर पिवळं पाणी वर उडतं. मग चाळणीत निथळा, खाली येळवणी भरपूर मिळेल, दाट आणि डाळीच्या चवीची, गॅसवरच्यापेक्षा जास्तच कारण पाणी आटलेलं नसतं. पुरण मात्र गूळ घालून कढईतच आटवा, उलथनं उभं राहीपर्यंत, आणि गॅसजवळच उभ्या राहा. पहिल्या वेळी एकच वाटीची करून बघा, जमली की सणाला चार वाट्यांची.